भाऊंच्या पडण्यावरची बैठक

भाऊ पडले गुरुवारी सकाळी सव्वासातला, आणि रविवारी दुपारी चारपर्यंत ते ज्या ज्या प्रकारे पडले नव्हते त्या सगळ्या प्रकारांची चर्चा घरात होऊन गेली होती. मुलगा केदार याच्या मते त्यांना चक्कर आली. मुलगी संचिता हिच्या मते ते टाइल्सवरून घसरले. जावई स्वानंदराव तर माजिवड्याहून गाडी काढतानाच 'मायनर स्ट्रोक' असं निदान करून निघाले होते, आणि शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकल्यामुळे डोंबिवलीत पोचेपर्यंत त्यातला 'मायनर' गळून पडला होता.

भाऊ पडले ते पायजम्यामुळे. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ते एका पायावर उभं राहून पायजमा चढवायचे. पलंगावर बसून पायजमा घालणं म्हणजे त्यांच्या लेखी शरणागती होती. गुरुवारी दुसरा पाय नाडीत अडकला, तोल गेला, आणि धुतलेले कपडे ठेवायला खोलीत आलेल्या सुमेधाने झेप घेऊन त्यांना धरलं. साठ वर्षांच्या सुनेने चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासऱ्याला धरायचं म्हणजे दोघांनी मिळून पडायचं, एवढाच त्याचा अर्थ. भाऊ तिच्या अंगावर पडले आणि ती स्वतःच्या उजव्या तळहातावर. भाऊंचं कोपर खरचटलं. सुमेधाच्या मनगटात काहीतरी कट्कन वाजलं.

कोपराची बातमी तासाभरात माजिवड्याला पोचली. मनगटाची बातमी खोलीच्या बाहेरही गेली नाही, कारण सुमेधाने ती जाऊ दिली नाही. "लचकलंय जरा," एवढंच ती भाऊंना म्हणाली, आणि उठून पोह्यांना फोडणी द्यायला गेली. डाव्या हाताने.

लपवण्याचं कारण सरळ होतं. भाऊ या घरात राहत होते ते सुमेधा होती म्हणून. गेलं वर्षभर संचिताने शीळफाट्याच्या पुढे निघालेल्या 'तृप्ती ज्येष्ठ निवासा'ची माहितीपत्रकं आणून टीपॉयवर 'विसरून' जायचा सपाटा लावला होता. रंगीत छपाई, हिरवळ, आणि दातांची जाहिरात करत असल्यासारखे हसणारे म्हातारे. वहिनीचा हात मोडलाय एवढं कळायचा अवकाश, की माहितीपत्रकाच्या मागचा फॉर्म भरून झाला असता. आणि भाऊ गेले असते तर या घरात सुमेधाशी बोलायला कोणी उरलं नसतं. हे तिने स्वतःशी कसलाही आडपडदा न ठेवता कबूल केलं होतं. चौतीस वर्षं रोज सकाळी ती भाजी निवडत होती आणि भाऊ तिला पेपर मोठ्यांदा वाचून दाखवत मधेमधे संपादकाला फैलावर घेत होते. केदारही घरात असायचा, बँकेतून निवृत्त झाल्यापासून तर जरा जास्तच असायचा. पण त्याचं बोलणं 'चहा झाला का'पासून सुरू व्हायचं आणि 'अजून नाही?'पाशी संपायचं.

तेव्हा ती लांब बाह्यांचा कुर्ता घालून, आत क्रेप बँडेज गुंडाळून, चार दिवस डाव्या हाताने संसार करत होती. घरात पोळ्या झाल्या नव्हत्या. केदारने पहिल्या दिवशी विचारलं, "हे काय, आज नुसता भात?" "लाटून लाटून मनगट भरून आलंय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून दहा पोळ्या आणल्या आणि तिसऱ्या दिवशी त्या घरच्यापेक्षा मऊ असतात असा शोध लावला. बायकोच्या दुखण्याकडे त्याने दुर्लक्ष केलं असं मात्र कोणी म्हणू नये. बामची बाटली त्याने स्वतः कपाटातून काढून दिली होती. झाकण न उघडता.

तर रविवारी बैठक बसली. भाऊ खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत, केदार दिवाणावर, जावई पंख्याखाली आणि संचिता टीपॉयपाशी, माहितीपत्रकाच्या सोयीच्या अंतरावर. तिची लेक श्रिया फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती सतरंजीवर मांडी घालून बसली, मांडीवर कॉलेजची फाइल. सुमेधाने डाव्या हाताने एकेक करून पाच कप आणून ठेवले. एरवी ती ट्रेमधून सगळे एकदम आणायची. फरक कोणाच्या लक्षात आला नाही. भाऊंनी मात्र कप घेताना तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"दादा, आता इमोशनल नाही व्हायचं, प्रॅक्टिकल बोलायचं," संचिता म्हणाली आणि लगेच इमोशनल झाली. "आईचं काय झालं ते विसरलात का सगळे? बाथरूमला जाताना पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि चार महिन्यांत गेली. आपल्या डोळ्यांदेखत! मला परत तो फोन नकोय."

रमाबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. संचिताच्या माहितीपत्रकांची सुमेधाला कितीही चीड आली तरी त्यांच्यामागची भीती खरी आहे हे तिला ठाऊक होतं. ते चार महिने बेडपॅन तिने उचललं होतं आणि रात्री जागायला संचिता यायची. भाऊ खिडकीबाहेर बघत राहिले.

"मुळात या टाइल्स," स्वानंदराव म्हणाले. "मी तेव्हाच म्हटलेलो केदारला, एवढ्या ग्लॉसी नको घेऊस."

"तुम्ही म्हणालात ग्लॉसी घे, जागा मोठी दिसते!" केदार उसळला. "आणि टाइल्सचं काय सांगता, हा गालिचा बघा की. खाली चिकटत नाही, काही नाही. पाय टाकला की निघाला. जयपूरवरून कोणी आणला?"

"मी भाऊंच्या पायांना गारठा लागू नये म्हणून आणला!" संचिता म्हणाली. "आणि झोपेच्या गोळीचं काय? रात्री उठले की झोकांड्या जातात त्यांच्या."

"ती गोळी स्वानंदरावांच्या मित्राने दिलीय," केदार म्हणाला.

मग सगळ्यांनी घराकडे नव्याने पाहिलं. गुळगुळीत फरशी मुलाने घातलेली. सुटा गालिचा मुलीने दिलेला. गोळी जावयाच्या ओळखीची. पुढून उघड्या, गुळगुळीत तळाच्या स्लिपर नातवाने, नीलने, कॅनडाहून पाठवलेल्या. भाऊंना पाडण्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू या कुटुंबाने मोठ्या प्रेमाने, सणवार बघून भेट दिली होती. भाऊ त्यातल्या एकीनेही पडले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

"एक मिनिट, एक मिनिट. असं भांडून काही होणार नाहीये," श्रिया म्हणाली. "माझ्याकडे प्रश्नावली आहे. पडण्याची आणि हाड मोडण्याची रिस्क किती ते निघतं. मला असाइनमेंटला पाच सीनियर सिटिझन पाहिजेतच. आजोबा, तुम्ही पाचवे."

"पहिले चार कोण?" भाऊंनी विचारलं.

"आमच्या सोसायटीतले. तिघं जण मध्येच उठून गेले."

"मी उठून जाणार नाही. मला उठताना बघायलाच तर तुम्ही सगळे आला आहात." भाऊंनी चष्मा पुसला. सार्वजनिक बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढल्यामुळे कसलाही छापील कागद समोर आला की त्यांची पाठ ताठ व्हायची. "विचार."

"गेल्या काही वर्षांत वजन कमी झालंय?"

"नाही. अडुसष्टला अडुसष्ट."

सुमेधा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बेचाळीस, ती मनात म्हणाली. दोन वर्षांपूर्वी अठ्ठेचाळीस होते. सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, किती छान बारीक झालीस गं, काय करतेस?

"उंची कमी झाल्यासारखी वाटते? कपडे लांब होतात वगैरे?"

"पायजमा होता तेवढाच लांब आहे. तोच तर अडकला."

स्वानंदराव हसले. सुमेधाला हसू आलं नाही. गेल्या दिवाळीत तिने तीन साड्यांना खालून दुमड घातली होती आणि दोष परकर शिवणाऱ्याला दिला होता.

"आईवडिलांपैकी कोणाचं खुब्याचं हाड मोडलेलं?"

"आई एक्क्याण्णव वर्षांची होऊन गेली. शेवटच्या दिवशी विहिरीवर जाऊन आली."

"दम्याची वगैरे स्टेरॉइडची गोळी बरीच वर्षं घेतलीय?"

"नाही."

"वा!" श्रिया खुणा करत होती. "पुढचा सोडते, तो बायकांसाठी आहे. दूध, दही, ऊन?"

"दोन्ही वेळा दही. सकाळी गच्चीत अर्धा तास."

सुमेधाने डाव्या हाताने दाराची चौकट धरली. ती पोरगी भाऊंना प्रश्न विचारत होती आणि उत्तरं एकेक करून इथे दारात येऊन उभी राहत होती. गच्चीत सुमेधा शेवटची गेली ती पापड वाळत घालायला, आणि ते बंद होऊनही आठ वर्षं झाली. दह्याचं भांडं टेबलावर फिरून तिच्यापर्यंत यायचं तेव्हा त्यात नुसता चमचा उरलेला असायचा.

श्रियाने बेरीज केली, परत केली, आणि तिचा चेहरा पडला. "आजोबा, तुमची हाडं तर मस्त आहेत. पडायची रिस्क आहे. गोळी, चष्मा, त्या स्लिपर्स, आणि तो एका पायावरचा सर्कशीतला प्रकार बंद करायचा. पण मोडायची रिस्क चक्क कमीच आहे."

"म्हणजे तृप्ती कॅन्सल?" केदारने विचारलं. त्याच्या आवाजात सुटका होती. एका मिनिटापूर्वीपर्यंत तो बहिणीच्या बाजूने होता, पण न हलता मिळणारा निकाल त्याला नेहमीच पटायचा.

"वहिनी आहे ना घरात," स्वानंदरावांनीही बाजू बदलली. त्यांना साडेसहाच्या आत शीळफाटा ओलांडायचा होता. "वहिनी असताना कसली काळजी!"

सुमेधाने श्वास सोडला. जमलं होतं. मंगळवारी केदार हास्यक्लबच्या सहलीला गेला की गुपचूप मानपाडा रोडला जाऊन एक्स-रे काढायचा, प्लास्टर घातलंच तर तेव्हाचं तेव्हा. ती रिकामे कप उचलायला पुढे झाली.

"थांब," भाऊ म्हणाले. "श्रिया, नवीन कागद घे. वर लिही, सुमेधा. वय साठ."

"मामीचं कशाला? ती कुठे सीनि..."

"साठ म्हणजे सरकार सीनियर धरतं. तुला पाच हवे होते, तिघं उठून गेले. लिही."

"भाऊ, राहू द्या ना," सुमेधा म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"वजन," भाऊ म्हणाले, आणि तिची वाट न पाहता उत्तर दिलं, "सहा किलो उतरलंय. उंची दीड इंचाने कमी. पूर्वी वरच्या फळीवरचा डबा हात उंच करून काढायची, आता स्टूल घेते. फळी तीच आहे, मी मोजलीय. हिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, रत्नागिरीला, वीस वर्षं झाली. दम्याच्या त्या बारीक पांढऱ्या गोळ्या, दर पावसाळ्यात दोन-दोन महिने, बारा वर्षं. दूध चहापुरतं. ऊन नाही."

श्रियाचं पेन भराभर चाललं होतं. केदार बापाकडे बघत होता, मग त्याने बायकोकडे बघितलं, आणि परीक्षेत न वाचलेला धडा आल्यासारखा पुन्हा जमिनीकडे.

"आता तो गाळलेला प्रश्न वाच."

"आजोबा, तो... तो पाळी कधी गेली त्याचा आहे."

खोलीत सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. या घरात हा शब्द पुरुषांसमोर कोणी उच्चारला नव्हता. रमाबाई तर बायकांमध्येही हळू आवाजात म्हणायच्या.

"एक्केचाळिसाव्या वर्षी," भाऊ म्हणाले. "पिशवी काढली तेव्हा. केदारचं ऑडिट चालू होतं, हॉस्पिटलात डबा घेऊन मी जात होतो. डॉक्टर म्हणाले होते, पुढे हाडं सांभाळा. मी ऐकलं होतं. मला वाटलं, केदारला सांगतील."

"मला कोणी बोललंच नाही," केदार पुटपुटला.

"पुढचा?"

श्रियाने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलंय का?"

"गुरुवारी," भाऊ म्हणाले. "माझ्याखाली."

श्रिया उठून आली. तिने मामीची बाही वर सरकवली, बँडेज सोडलं. मनगट जांभळं-काळं पडलं होतं आणि काटा-चमच्यातला काटा पालथा ठेवला तर दिसेल तसं मधेच वर वाकलं होतं. संचिता "अगं आई गं!" म्हणून पुढे झाली आणि वहिनीचा दुसरा, धड हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अगं पण तू तर म्हणालीस, लाटून दुखतंय," केदार म्हणाला.

"अहो, चार दिवस मी पोळ्या लाटल्यात कुठे?"

केदार उभा राहिला, खिसे चाचपले, पुन्हा बसला. मग स्वानंदरावांनी तो प्रश्न विचारला. सुमेधा चार दिवस ज्याची वाट बघत होती तोच, शब्दाशब्दाने तोच.

"पण मग आता भाऊंचं कोण करणार?"

"संचिता," भाऊ म्हणाले, "तो फॉर्म आण."

"नाही!" सुमेधा ओरडली. या हॉलमध्ये ती चौतीस वर्षांत ओरडली नव्हती. "सगळं मिटलं होतं भाऊ! तुम्हाला इथेच ठेवत होते. मी काय गंमत म्हणून लपवलं? तुम्ही तिकडे गेलात तर मी इथे कोणाशी बोलू?"

हे वाक्य नवऱ्यासमोर, नणंदेसमोर, जावयासमोर बोलून झालं होतं आणि आता ते परत घेता येत नव्हतं. केदारचे कान लाल झाले. भाऊंनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला.

"सहा वर्षांपूर्वी तुम्ही सगळे रत्नागिरीला मुंजीला गेला होतात," ते म्हणाले. आवाज नकाशा समजावून सांगावा तसा होता. "रमा तुम्ही गेलात त्या दिवशी पडली. धरून धरून चालत होती, म्हणून मी म्हटलं, लचकलंय, शेक घे. तिला मी चार दिवस चालवलं. तिच्याकडून चहा करून घेतला. तुम्ही परत आलात तेव्हा सांगितलं की काल रात्री पडली. डॉक्टरांनाही तेच सांगितलं."

संचिताने सुमेधाचा हात सोडला. सहा वर्षं ती स्वतःला दोष देत होती, आपण मुंजीला गेलो नसतो तर म्हणून. तिने बापाकडे अशा नजरेने पाहिलं की सुमेधाला वाटलं, आता ही उठून निघून जाईल. ती गेली नाही. रडलीही नाही. तिने पर्स उघडली, फॉर्म काढला आणि सुमेधाच्या नव्हे, भाऊंच्याही नव्हे, तर केदारच्या हातात दिला.

"दादा, तू भर," ती म्हणाली. "आणि आधी खाली जाऊन रिक्षा थांबव. वहिनीला घेऊन मी जाते."

केदार चपला न घालताच जिन्याकडे धावला.

"प्लास्टर असेल तेवढेच दिवस," भाऊ म्हणाले. "फॉर्मवर तसं लिहायचं. सहा आठवडे तर सहा, आठ तर आठ. त्यापेक्षा एक दिवस जास्त नाही."

सुमेधा रडत होती, आणि चेहरा पुसायला उजवा हात उचलायला गेली म्हणून आणखी रडत होती. भाऊ खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन, कोणाचीही मदत न घेता पण घाईही न करता, हळूहळू उठले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"आणि न्यायला तू यायचं," ते म्हणाले. "या तिघांपैकी कोणी आलं तर मी येणार नाही."